मोठाबाची पहिली माती

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. म्हणजे हसाल तुम्ही, ते मला माहीत आहे, सगळेच हसतात. पण जरा जपून. कारण माझ्या या फजितीत एक माणूस मेला. आणि तोही दोनदा!

दोनदा कसा मरेल, म्हणता? अहो, तेच तर सांगतोय. पहिल्यांदा तो इंग्रजीतून मेला.

मी जिल्हा परिषदेचा मास्तर. गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, मूल शहराजवळचं, धानाच्या पट्ट्यातलं. नोकरी मात्र अहेरीच्या पुढे, भामरागडच्या रस्त्यावरच्या एका शाळेत. माझ्या वर्गातली पोरं घरी गोंडी बोलतात. मराठी हीच त्यांना पाहुण्यांची भाषा, तिथे इंग्रजीचं काय घेऊन बसलात! मी इंग्रजीतलं वाक्य वाचायचो, मग त्याचं मराठी सांगायचो, आणि पोरं दोन्ही वेळेला माझ्याकडे सारख्याच डोळ्यांनी बघायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. त्यांना काही कळत नव्हतं आणि मला पगार मिळत होता.

अशा मास्तरांसाठी मे महिन्यात अहेरीला प्रशिक्षण लागलं. इंग्रजी ही परकी भाषा म्हणून कशी शिकवायची, त्याचे पहिले धडे. शिकवायला पुण्याहून सई मॅडम आल्या होत्या. वयानं आमच्या लेकीएवढ्या, पण कडक! पहिल्याच दिवशी त्यांनी हॉलच्या दारात खडूनं रेघ मारली. रेघेच्या आत मराठी बंद. हिंदी बंद. सगळ्यांचे मोबाईल दाराशी टोपलीत. बोलायचं ते इंग्रजीत, आणि नाही जमलं तर हातवारे करून.

आता मला सांगा, अर्ध्या आयुष्यात "मे आय कम इन सर" च्या पुढे न गेलेली आम्ही माणसं! आमच्यातले एक सर दुपारी उभे राहिले आणि कासावीस होऊन हातवारे करू लागले. मॅडम म्हणाल्या, "डान्सिंग?" कोणी म्हणालं, "स्विमिंग?" कोणी म्हणालं, "रेन?" बिचारे सर शेवटी रेघ ओलांडून पळाले. त्यांना फक्त लघवीला जायचं होतं.

पण मॅडमची गोष्ट खोटी नव्हती हो. चहाच्या सुट्टीत रेघेबाहेर त्या मराठीत समजावून सांगायच्या. "सर, तुम्ही सारखं भाषांतर का करता? मुलांना शब्द कळला नाही तरी चालेल. तुमचा आवाज, तुमचा चेहरा, तुमची भावना, यातून अर्थ आपोआप पोहोचतो. विश्वास ठेवा."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, पुण्यात पोहोचत असेल.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी चिठ्ठ्या उचलायला लावल्या. प्रत्येकाला एक प्रसंग. उद्या सकाळी टोपलीत मोबाईल टाकायच्या आधी त्या प्रसंगाचं बोलणं आवाजात रेकॉर्ड करून वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं. कोणाला भाजी बाजार आला, कोणाला एसटीची चौकशी आली. मला काय यावं? दुःखाची बातमी देणे!

इथे तुम्हाला मोठाबाची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल.

मोठाबा म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ, तुळशीराम. माझे वडील लवकर गेले. मोठाबाला मूल नव्हतं, त्याची बायको, मोठाई, पण लवकरच गेली. मग त्या एकट्या माणसानं मला वाढवलं. सारं गाव त्याला मोठाबाच म्हणायचं. तरुणपणी तो झाडीपट्टीतल्या नाटकांत काम करायचा. तुम्ही पाहिली असतील ना ती, धान निघालं की रात्रभर चालणारी? त्यात रडणारा बाप असला की तो मोठाबाच करणार, असं ठरलेलं. मलाही त्यानंच रंगमंचावर उभं केलं. त्याचा एकच मंत्र होता. "रडाचं असन तं घरचं माणूस डोळ्यापुढं आणाचं. नाईतं लोकं मूंगफल्ली खात बसतेत."

आणि दुसरी ओळख अशी की पंचक्रोशीतली एकही माती त्यानं सोडली नव्हती. आमच्याकडे अंत्यविधीला मातीच म्हणतात. कोणी गेल्याचं कळलं की हातातला घास ताटात टाकून मोठाबा निघायचा. कोण, कुठला, कशानं, काही विचारायचा नाही. "लग्नाले बोलावल्याबिगर जाऊ नये, अन् मातीले बोलावण्याची वाट पाहू नये," म्हणायचा. तिरडी बांधावी तर त्यानंच. त्याची गाठ सुटली असं कोणी पाहिलं नाही. आणि इतक्या मातींना गेलेल्या माणसाला मनातून एकच वाटायचं, की आपल्या मातीला गाव आलं पाहिजे. पोटी पोर नसलेल्या माणसाला दुसरं काय मागायचं असतं?

तर सकाळी मी हॉलच्या मागे मोहाच्या झाडाखाली उभा राहिलो आणि रेकॉर्ड केलं. "आय अ‍ॅम सॉरी टू टेल यू..." ऐकून पाहिलं. गॅसचा नंबर लावल्यासारखं वाटत होतं! पुन्हा केलं. तेच. मग मोठाबाचा मंत्र आठवला. घरचं माणूस डोळ्यापुढं आणाचं.

माझ्या घरचं माणूस म्हणजे एकच.

मोठाबा तेव्हा चंद्रपूरला डोळ्याच्या ऑपरेशनला गेला होता. एका शिबिराची गाडी गावोगावच्या म्हाताऱ्यांना घेऊन जात होती, तिच्यात मीच त्याला बसवून अहेरीला आलो होतो. खिडकीत बसलेला तो इतका वाळलेला दिसला होता, की मी निरोप न घेताच वळलो होतो. ते डोळ्यापुढं आणलं मात्र, आणि बोट आपोआप रेकॉर्डवर गेलं!

"ओ माय ब्रदर्स! ओ माय सिस्टर्स! माय मोठाबा... अवर तुळशीराम... इज नो मोअर! ही वॉज माय फादर! ही वॉज माय मदर! नाऊ हू विल कॉल मी? हू?" आणि मग असा हंबरडा फोडला, की झाडावरचे पक्षी उडाले.

मी डोळे पुसले. समाधानानं वर्गाच्या ग्रुपकडे बोट नेलं. आणि नेमकं त्याच क्षणी माझ्या आतेभावानं, दिवाकरनं, "सोयरे मंडळी" या आमच्या ग्रुपवर शुभ सकाळचं झेंडूचं फूल टाकलं. तुम्हाला माहीत आहे ना, नवीन काही आलं की तो ग्रुप टुणकन उडी मारून वर येतो? माझं बोट पडलं ते झेंडूच्या फुलावर.

मोबाईल टोपलीत टाकला आणि मी रेघेच्या आत गेलो.

आता गावाकडे काय झालं ते ऐका. हे मला नंतर एकेकानं सांगितलं, अजूनही सांगतात, मी विचारलेलं नसलं तरी सांगतात.

दिवाकर गावातच राहतो. त्यानं तो आवाज लावला, आणि शेजारची चंद्रकलाबाई अंगण झाडता झाडता थांबली. मोठाबाच्या घराला लागूनच तिचं घर. तिला अक्षरओळख नाही, इंग्रजी तर दूरच.

"मास्तर होय का गा हा?" तिनं विचारलं.

"हो. पण इंग्रजीत काऊन रडून राह्यला भाऊ?"

"दुःखात माणूस काई बी बोलते, बापा." चंद्रकलाबाईनं पुन्हा एकदा लावायला सांगितलं, ऐकलं आणि झाडू खाली टाकला. "एक शब्द नाई समजला मले. पण सारं समजलं. मोठाबा गेला, माय वो!"

बघा! रेघ नाही, फळा नाही, भाषांतर नाही. सई मॅडमचा धडा माझ्या गावानं पहिल्याच फटक्यात पास केला.

आणि शंका यायला जागाच कुठे होती? म्हातारा दवाखान्यातच गेला होता ना! मला फोन लावले, ते टोपलीत वाजत राहिले. "उचलून नाई राह्यला, रडत असन," असं ठरलं. आणि आमच्याकडे मेलेल्या माणसाबद्दल "खरंच का?" असं कोणी विचारत नाही. ते अभद्र समजतात. ऐकलं की निघायचं.

निघाले की! सिंदेवाहीहून निघाले, ब्रह्मपुरीहून निघाले, गडचिरोलीच्या एका भाचीनं पोरीचा साखरपुडा पुढे ढकलला. गल्लीतल्या कोणत्याच घरी चूल पेटली नाही, कारण माती उठेपर्यंत आमच्याकडे पेटवत नाहीत. आणि दिवाकर! मी अहेरीहून वेळेवर पोहोचलो नाही तर अग्नी कोणी द्यायचा, या काळजीनं तो मूलला गेला आणि डोकं तासून आला! सफाचट! इतक्या घाईनं तर कोणी लग्नालाही उभं राहत नाही.

दुपारी शिबिराची गाडी गावाच्या फाट्यावर थांबली आणि मोठाबा उतरला. डोळ्याला पट्टी, त्यावर दवाखान्यानं दिलेला भलामोठा काळा चष्मा. मजेत चालत आला. घराच्या मागल्या अंगाला पोहोचतो तर त्याच्याच बांबूच्या बेटात दोन माणसं बांबू तोडत होती. सिंदेवाहीकडचे पाहुणे ते, त्यांनी मोठाबाला कधी पाहिलेलं नव्हतं.

"कोणाची माती गा?" मोठाबानं विचारलं.

"इथलेच आहेत कोणी म्हातारे. दवाखान्यात गेले म्हणतेत. गाडी येऊन राह्यली."

"अरेरे." बस. त्यापुढे एक प्रश्न नाही! जन्मभर विचारला नव्हता, त्या दिवशीच काऊन विचारेल? पिशवी ठेवली आणि पाहुण्यांवर खेकसला, "असा बांबू घेतेत का? वाळलेला? माणूस नेऊन राह्यले का कोंबड्या? सरका तिकडं." आणि स्वतः हिरवा बांबू निवडून, फोडून, खाली बसून तिरडी बांधायला लागला.

बांधता बांधता म्हणाला, "लंबा होता का जी माणूस?"

"लंबाच होता म्हणतेत. तुमच्यावाणी."

"मंग थांबा, पाहून घेतो." आणि मोठाबा तिरडीवर उताणा आडवा झाला. पाय सरळ, हात छातीवर, डोळ्यावर काळा चष्मा.

नेमकी तेव्हाच चंद्रकलाबाई पाण्याचा गुंड, पितळी घागर, घेऊन मागच्या दारानं आली. तिला दिसला तिरडीवर मोठाबा. "आणला का गा!" म्हणून तिनं तिथेच हंबरडा फोडला. अंगणातले सगळे धावत आले. बायका छाती पिटायला लागल्या. आणि मोठाबा तिरडीवर उठून बसला.

"लांबी बराबर आहे," तो म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते मी सांगत नाही. गुंड गडगडत गेला, एक पाहुणा बेटात घुसला आणि काट्यांनी ओरबाडला, एवढंच सांगतो.

इकडे अहेरीला जेवणाच्या सुट्टीत मी टोपलीतून मोबाईल काढला. मिस कॉलांची ही रांग! आणि वर मोठाबाचा फोटो, भोवती हार, खाली समई. भावपूर्ण श्रद्धांजली.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्हाला कळायला नको? तुम्हीच तर पाठवलं होतं! अहो, कसं कळणार? मला वाटलं मी वर्गाच्या ग्रुपवर पाठवलंय. सकाळी मी खोटंखोटं बोललो आणि दुपारी खरं झालं! माझ्याच तोंडानं मी त्याला मारलं, असं वाटलं मला. मी त्याच रेघेवर मटकन बसलो आणि ढसाढसा रडू लागलो.

सई मॅडम टाळ्या वाजवत आल्या. "एक्सलंट! सो नॅचरल!"

मोटारसायकलला किक मारली. आलापल्ली, आष्टी, चामोर्शी, सगळा रस्ता मी रडत होतो. ऊन डोक्यावर, अश्रू वाऱ्यानं कानाकडे वाहत होते. दिवस कलला तेव्हा घरी पोहोचलो, गाडी तशीच आडवी टाकली आणि "मोठाबा!" म्हणून ओरडत आत शिरलो.

अंगण माणसांनी भरलं होतं. मधोमध बाजेवर मोठाबा. चष्मा लावून बसलेला.

"ये गा," तो म्हणाला. "कोणाच्या मातीले आला?"

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. दिवाकर आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत होता. मोठाबा सकाळपासून उपाशी होता. चूल काऊन नाई पेटली म्हणून विचारलं, तर चंद्रकलाबाई म्हणाली होती, "तुम्ही मेले ना जी!"

मग सगळ्यांदेखत दिवाकरनं तो आवाज लावला. ओ माय ब्रदर्स, ओ माय सिस्टर्स. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मोठाबानं शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं.

"रडला तं चांगला," तो म्हणाला. "मलेच आणलं होतं का डोळ्यापुढं?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मंग बराबर आहे. शिकवलं तसंच केलं पोट्ट्यानं. काई बोलू नका त्याले."

पाहुणे पांगल्यावर त्यानं मला बाजेवर जवळ बसवून घेतलं. मग म्हणाला, "सारे आले गा. ब्रह्मपुरीवाले बी आले. माह्या मातीले गाव आलं अन् मी पाह्यलं. कोणाले दिसते असं?" खूश होता तो, खरंच खूश होता. मी हसलो. तेवढ्यात तो म्हणाला, "पण आता दुसऱ्यांदा येतीन का गा?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतोस!"

ती तिरडी मोडून टाका, घरात असलं ठेवू नका, असं सगळ्यांनी सांगितलं. मोठाबा ऐकेल तर ना! "गाठ चांगली बसली आहे. येईन कामाले," म्हणाला आणि गोठ्याच्या आढ्यावर बांधून ठेवली. चष्माही त्यानं काढला नाही. डोळा बरा झाला, पट्टी निघाली, तरी दिवसभर काळा चष्मा. पोरं विचारायची, मोठाबा, काऊन? तर म्हणायचा, "वरून परत आलो ना, उजेड सहन नाई होत."

एवढ्यावर किस्सा संपला असता तर किती बरं झालं असतं. लोक इथवर ऐकूनच टाळ्या देतात. पण मी सांगितलं ना, दोनदा.

पावसाळ्यात त्याचा खोकला वाढला. मी त्याला अहेरीला माझ्या खोलीवर घेऊन आलो, दवाखाना तिथे जवळ म्हणून. ताप उतरेना. भरती केलं. एकदा म्हणाला, "मले गावाले ने. माती तिथीच दे." मी म्हटलं, नेतो ना, बरा हो आधी. तो हसला. जुलै संपत आला होता, बाहेर पाऊस धरून बसला होता, आणि एका सकाळी मोठाबा गेला. माझा हात त्याच्या हातात होता. या खेपेला कुठल्या भाषेत काही बोलायची गरजच नव्हती.

गाडी ठरवली आणि ग्रुपवर लिहिलं. साध्या मराठीत. "आपला मोठाबा आज सकाळी गेला. मी त्याला घेऊन गावी येतो आहे."

उत्तरं लगेच आली. हसणारी तोंडं. टाळ्या. गडचिरोलीच्या भाचीनं लिहिलं, "मामाजी, परीक्षा पास झाले का नाई अजून?" ब्रह्मपुरीहून आलं, "या खेपेस मराठी मीडियम?" एकानं तर लिहिलं, फोटो पाठवा, मग येतो. मेलेल्या बापाचा फोटो पाठवून आपलं खरं करायचं? नाही पाठवला.

दिवाकरला फोन लावला. रोवणीचे दिवस, तो बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखलात उभा होता.

"दिवाकर, मोठाबा गेला."

"भाऊ, आत्ताच तं केस आले माह्ये! या खेपेस नाई देत."

"अरे, खरं सांगून राह्यलो गा!"

"तेव्हा बी खरंच वाटलं होतं." आणि मग हसत म्हणाला, "खरं आहे तं रडा मंग. तेव्हा किती रडले होते!"

मी रडायला गेलो. आलं नाही. काय सांगू तुम्हाला, खरंच आलं नाही. मोहाच्या झाडाखाली मागितल्याबरोबर आलं होतं, आणि आता तो माझ्या शेजारी चादरीत गुंडाळलेला होता आणि माझे डोळे कोरडे ठक्क. घरचं माणूस डोळ्यापुढं आणायचं, पण ते तर डोळ्यापुढंच होतं. फोन तसाच कानाला राहिला आणि तिकडून दिवाकरनं ठेवून दिला.

आष्टीच्या अलीकडे एका नाल्याला पूर होता. पाणी उतरेपर्यंत गाडी थांबली. ड्रायव्हर बिडी ओढायला उतरला. मी मोठाबाजवळ बसून होतो, त्याचा काळा चष्मा हातात धरून. जन्मभर हातातला घास टाकून दुसऱ्यांच्या मातीला धावलेला माणूस, आणि माझ्या एका बोटापायी त्याच्या मातीला कोणी येणार नव्हतं. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

गावात पोहोचलो तर गल्ली रिकामी. रोवणीला सगळे बांधीत, घराघरांना कड्या. बांबू कोणी तोडला नव्हता. मी आणि ड्रायव्हरनं गोठ्याच्या आढ्यावरून ती तिरडी काढली. हिरवा बांबू आता वाळून कडक झाला होता. एकही गाठ सुटली नव्हती. त्याला तिच्यावर ठेवलं. लांबी बरोबर होती.

दोघांनी कशी उचलायची? मी तसाच बांधीकडे धावलो. बायका वाकून धानाची रोपं, परे, लावत होत्या, गाणं चाललं होतं. मला बघून गाणं थांबलं आणि हसू फुटलं.

"आले वो, नाटकवाले आले!"

"मास्तर, आज इंग्रजी नाई का?"

मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहिलो. पाऊस तोंडावर येत होता. एवढंच म्हणालो, "मोठाबा गेला."

पुन्हा हसल्या. दिवाकर लांबून ओरडला, "भाऊ, जमून नाई राह्यलं! मागच्या खेपेस लय भारी होतं!"

मग चंद्रकलाबाई सरळ उभी राहिली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं.

"तो चष्मा तुह्याजवळ कसा गा?"

मी चष्मा पुढे केला. तिच्या हातातली पऱ्यांची जुडी पाण्यात पडली.

"चाला वो बायांनो," ती म्हणाली. "चाला."

आले. सगळे आले. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावरचे कपडे ओले, हात-पाय न धुता तसेच आले. दिवाकर सगळ्यांत पुढे धावत होता. फोन लागले तसे सिंदेवाहीवाले आले, ब्रह्मपुरीवाले अंधार पडायच्या आत पोहोचले. चूल कोणी पेटवली नाही. माझं डोकं भादरलं जात असताना दिवाकर माझ्या शेजारी येऊन बसला आणि न्हाव्यापुढे त्यानंही डोकं वाकवलं. मोठाबाच्या दुसऱ्या मातीला गाव आलं. पहिलीपेक्षा थोडं उशिरा, पण आलं.

नदीवरून परतलो तेव्हा चंद्रकलाबाई दारात कडुनिंबाचा पाला घेऊन उभी होती. मातीहून आल्यावर चावायला देतात ना, तो. तिनं माझ्या हातावर चार पानं ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि हळूच मला बाजूला ओढलं.

"वाईट नको मानू, मास्तर," ती म्हणाली. "पण एवढा शिकलेला माणूस तू, असं मराठीत सांगून कसं जमन गा? इंग्रजीतच सांगाचं ना! तेव्हा कसं साऱ्यायले लगेच समजलं होतं."